आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी : बालकथांतील घरच्या आगीचे एक चिकित्सक वाचन

प्रास्ताविक

लहान मुलांना घरातील आगीविषयी काय सांगावे, हा प्रश्न वरकरणी अग्निशमन दलाचा, फार तर बालवाडीच्या शिक्षिकेचा वाटतो. साहित्याच्या अभ्यासकाचा तो वाटत नाही. परंतु तीन ते आठ वर्षांच्या मुलाला जे काही सांगायचे ते बहुधा गोष्टीतूनच सांगावे लागते, आणि गोष्ट आली की तिची रचना, तिचा निवेदक, तिचा शेवट हे सारे प्रश्न आपोआप उपस्थित होतात. आगीची गोष्ट कोणत्या क्षणी संपते, यावर मूल त्या गोष्टीतून काय उचलणार हे पुष्कळसे ठरते. तेव्हा हा प्रश्न समीक्षेचाही आहे. प्रस्तुत लेखात एकोणिसाव्या व विसाव्या शतकांतील काही युरोपीय बालकथा आणि आपल्या परंपरेतील तीन जुनी आख्याने यांचे या एका दृष्टीने वाचन करण्याचा प्रयत्न केला आहे.

मराठी घरात मुलाची आगीशी शाब्दिक ओळख होते ती मुख्यतः दोन तऱ्हांनी. रांगत्या वयात ‘हात लावू नको, बाऊ होईल’ ही आईची वा आजीची ताकीद. आणि शाळेत गेल्यावर भिंतीवरील तक्त्यातली ‘हे करा, हे करू नका’ अशी सूचनांची यादी. पहिलीत माया आहे, पण माहिती नाही. दुसरीत माहिती आहे, पण ती मुलाच्या भाषेत नाही. या दोहोंमधली जागा गोष्टीची आहे आणि ती मराठी बालसाहित्याने फारशी व्यापलेली दिसत नाही. आपल्याकडे आगीसंबंधीचे शहाणपण साठले आहे ते म्हणींत. ‘माकडाच्या हाती कोलीत’ ही म्हण मोठी माणसे मुलांच्या बाबतीत सर्रास वापरतात. तीत मूल हे अनर्थाचे कारण आहे. ‘आगीतून फुफाट्यात’ ही सुटकेच्या फसगतीविषयी बोलते. मात्र प्रस्तुत विषयाला सर्वांत जवळची म्हण तिसरीच आहे, ‘आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी’. संकट एकीकडे आणि उपाय भलतीकडे. मुलांसाठी लिहिलेल्या आगीच्या अनेक कथांचे नेमके हेच झाले आहे, असे दाखवून देता येते.

पाउलिन आणि तिच्या मांजरी

हाइनरिख हॉफमान हे फ्रांकफुर्टचे डॉक्टर. १८४४च्या नाताळात आपल्या तीन वर्षांच्या मुलाला देण्याजोगे चित्रांचे पुस्तक बाजारात मिळेना, म्हणून त्यांनी कोरी वही आणली आणि स्वतःच चित्रे काढून पद्ये रचली. १८४५ साली ती वही छापली गेली आणि ‘स्ट्रुवेलपेटर’ या नावाने जगभर पोहोचली. मूल अमूर्त उपदेशाने बधत नाही, डोळ्यांना दिसेल तेच त्याला पटते, ही हॉफमान यांची धारणा होती. पहिल्या आवृत्तीपाठोपाठ निघालेल्या वाढीव आवृत्तीत काडेपेटीची कथा आली. आईवडील बाहेर गेलेले, पाउलिन घरात एकटी. तिला काडेपेटी सापडते. मिन्झ आणि माउन्झ या दोन मांजरी पंजे उंचावून तिला बजावतात की आईने आणि बाबांनी हे मना केले आहे. पाउलिन ऐकत नाही. काडी पेटते, मग कपडा, हात, केस, आणि अखेर सारी मुलगीच. उरतात दोन बूट आणि राखेची ढेरी. मांजरी इतक्या रडतात की त्यांच्या आसवांचा ओढा वाहू लागतो.

या कथेची टिंगल करणे सोपे आहे. तिला बालमानसशास्त्राच्या कसोटीवर नापास करणे त्याहून सोपे. पण काळाचा विचार केला तर हॉफमान यांची चिंता खरी होती. घर्षणाने पेटणारी काडी इंग्लंडच्या जॉन वॉकरने विकायला काढली ती १८२७ मध्ये. म्हणजे पाउलिनच्या वेळी घरातील काडेपेटी ही जेमतेम दोन दशकांची नवलाई होती. गारगोटी-चकमकीने विस्तव करण्याला कसब लागे. काडी ओढायला मुलाचे दोन हात पुरतात. घरात नवी ज्वलनशील वस्तू आली की तिच्याविषयीचे घरगुती शहाणपण मागाहून, आणि पुष्कळदा अपघातांच्या मोबदल्यात येते. महाराष्ट्रातील खेड्यांत २०१६ नंतर उज्ज्वला योजनेच्या सिलिंडरबरोबर हाच अनुभव काही घरांनी घेतला असणार. शहरांत घरी चार्ज होणाऱ्या विजेवरच्या दुचाकींच्या बॅटरीविषयी तर आजही तेच म्हणता येते. चुलीचे नियम आजीला ठाऊक होते, बॅटरीचे ठाऊक असण्याचे कारण नाही.

हॉफमान यांच्या कथेत एक ओळीचा तपशील आहे, ज्याकडे तिच्या टीकाकारांचे लक्ष सहसा जात नाही. पाउलिन काडी ओढते ती आईला नेहमी ओढताना पाहिले आहे म्हणून. म्हणजे कथेला स्वतःलाच माहीत आहे की हे मूल अवज्ञा करत नसून अनुकरण करत आहे. तरीही शिक्षा मिळते ती अवज्ञेची. कथेतील हा अंतर्विरोध लेखकाने सोडवलेला नाही, कदाचित त्याला तो दिसलाच नाही. दुसरी गोष्ट मांजरींची. मुलगी पेटण्याआधी त्या मनाई सांगतात, पेटल्यावर मदतीसाठी आक्रोश करतात आणि संपल्यावर रडतात. पेट घेतलेल्या मुलीला ‘पळू नकोस, खाली पड, लोळ’ हे सांगणारे कथेत कोणीही नाही. पाणी आहे, भरपूर आहे, ओढाभर आहे, पण ते राखेवर पडते. बंब सोमेश्वरी तो हाच.

हिलेअर बेलॉक यांच्या १९०७ सालच्या पुस्तकातील मॅटिल्डा ही पाउलिनची विडंबनातील चुलत बहीण. खोटे बोलण्याची खोड असलेली ही मुलगी गंमत म्हणून दूरध्वनी करून लंडनचे बंब बोलावते. बंबवाले घरात घुसून धिंगाणा करतात आणि मावशीला पैसे मोजून त्यांची बोळवण करावी लागते. काही आठवड्यांनी मावशी नाटकाला गेली असता खरोखरच आग लागते, मॅटिल्डा खिडकीतून ओरडते, आणि रस्त्यावरची माणसे तिला खोटारडी म्हणून पुढे जातात. ‘लांडगा आला रे आला’चीच ही शहरी आवृत्ती. बेलॉक यांना उपदेशपर कथांची थट्टा करायची होती, तेव्हा त्यांच्यावर अध्यापनशास्त्राचा खटला भरण्यात अर्थ नाही. मोठ्या वाचकाला ही कविता हसवते. मात्र ती पाच वर्षांच्या मुलापुढे गंभीर चेहऱ्याने वाचली तर त्याच्या मनात ठसेल ते इतकेच, की आग लागल्याचे ओरडणे ही जोखमीची गोष्ट आहे. खात्री नसेल तर गप्प बसलेले बरे. धूर दिसूनही गप्प बसणारे मूल ही कोणत्याही अग्निशामकाच्या दृष्टीने सर्वांत वाईट शक्यता आहे.

बाकाखाली बसलेली माशा

लिओ टॉलस्टॉय यांनी यास्नाया पोल्याना येथे शेतकऱ्यांच्या मुलांसाठी शाळा चालवली आणि १८७०च्या दशकात त्या मुलांसाठी वाचनमाला सिद्ध केली. तीत आगीच्या दोन कथा आहेत. दोन्ही दीड-दोन पानांच्या आतल्या.

पहिली लंडनच्या अग्निशामक कुत्र्यांची. तिच्या आरंभीच टॉलस्टॉय एक निरीक्षण नोंदवतात : शहरांतील आगींत मुले घरात राहून जातात, कारण ती भीतीने कोठेतरी लपून गप्प बसतात आणि धुरामुळे दिसत नाहीत. म्हणून अशा मुलांना शोधायला कुत्री शिकवलेली असतात. बॉब नावाचे कुत्रे एका जळत्या घरातून दोन वर्षांच्या मुलीला सदऱ्याला धरून बाहेर आणते, आणि पुन्हा आत जाण्यासाठी धडपडते. आणखी कोणी आत असेल म्हणून त्याला सोडतात, तर ते तोंडात घेऊन येते एक मोठी बाहुली. सारे हसतात. भीतीनंतरचे हे हसू मुलांना नेमके कळते. तथापि वर्गात ही कथा सांगणाऱ्याने सावध राहिले पाहिजे. जळत्या घरातून बाहुली परत मिळते, हा या विनोदाचा छुपा धडा आहे. बाहेर आल्यावर कशासाठीही पुन्हा आत जायचे नाही, या नियमाच्या तो थेट विरोधात जातो. सामुइल मार्शाक यांच्या १९२३च्या ‘आग’ या रशियन पद्यकथेतही हीच अडचण आहे. आई बाजाराला गेलेली असताना लेना चुलीचे दार उघडते, निखारा बाहेर उडतो आणि घर पेटते. कुझ्मा नावाचा बंबवाला लेनाला वाचवतो, आणि मांजरालाही. मार्शाक यांचे मोठेपण असे की त्यांचा कुझ्मा रडणाऱ्या लेनाची समजूत घालतो. हॉफमाननंतर पाऊण शतकाने काडी-निखाऱ्याशी खेळलेल्या मुलीला कथेत जिवंत राहण्याची परवानगी मिळाली, हे काही थोडे नव्हे. पण लेना स्वतः काहीच करत नाही. ती वाचते, कारण कुझ्मा येतो.

टॉलस्टॉय यांची दुसरी कथा मात्र या सर्वांहून वेगळ्या जातीची आहे. तिचेही नाव ‘आग’. सुगीचे दिवस, गावातील बायाबापडे सारे शेतावर. एका झोपडीत आजी आणि तीन नातवंडे. आजीने चूल पेटवली आणि माश्या बसू नयेत म्हणून डोक्यावर पंचा घेऊन ती जरा आडवी झाली. तीन वर्षांच्या माशाने चुलीतले निखारे खापरीत ओढले, पुढच्या पडवीत रचलेल्या पेंढ्यांखाली नेऊन ठेवले आणि फुंकर घातली. पेंढा धरू लागला तशी ती खूश झाली. आत जाऊन दीड वर्षाच्या भावाला हाताला धरून घेऊन आली, आपण कशी चूल पेटवली ते दाखवायला. मग धूर झाला. माशा घाबरून आत पळाली. धाकटा किर्युश्का उंबऱ्यावर आपटला आणि त्याच्या नाकाला लागले. तिने त्याला आत ओढले आणि दोघेही बाकाखाली जाऊन लपली.

यापुढची प्रत्येक हालचाल पाहण्याजोगी आहे. आठ वर्षांचा वान्या रस्त्यावर होता. त्याने धूर पाहिला, धावत आत येऊन आजीला उठवले. आजी भांबावली, मुले विसरली आणि लोकांना बोलवायला बाहेर धावली. माशा बाकाखाली चुपचाप बसून होती. रडत होता तो फक्त धाकटा, आणि तोही आगीमुळे नव्हे तर नाक दुखत होते म्हणून. त्या रडण्यावरून वान्याला मुले सापडली. पडवीतून वाट उरली नव्हती. त्याने खिडकी वर केली आणि माशाला बाहेर पडायला लावले. धाकट्याला ओढू लागला तर तो जड, शिवाय रडत आणि ढकलत होता; वान्या दोनदा पडला. खिडकीपर्यंत पोहोचेतो झोपडीचे दार पेटले होते. त्याने भावाचे डोके खिडकीबाहेर काढले, तर घाबरलेल्या पोराने हातांनी घट्ट धरून ठेवले. तेव्हा वान्याने बाहेरच्या माशाला हाक दिली आणि भावाला डोक्याकडून ओढायला सांगितले. स्वतः मागून ढकलू लागला. तसा तो बाहेर निघाला.

या कथेत उपदेशाचे एक वाक्य नाही. विस्तवाशी खेळू नये, असे ती कोठेही म्हणत नाही. आणि तरीही घरातील आगीविषयी लहान मुलाला जे जे कळायला हवे ते जवळजवळ सारे तीत आहे. मोठे माणूस घाबरते आणि चुकते. लपलेले मूल सापडत नाही, आवाज करणारे सापडते. एक वाट बंद झाली तर दुसरी शोधावी लागते. सर्वांत धाकटे मूल वाचवणाऱ्यालाच विरोध करते. हे तपशील कोणत्याही नियमावलीतून आलेले नाहीत, ते पाहण्यातून आले आहेत. रचनेच्या दृष्टीने पाहता, हॉफमान यांची कथा जेथे संपते तेथे टॉलस्टॉय यांची कथा जेमतेम सुरू होते. पेंढा पेटेपर्यंतचा भाग हा तिचा केवळ आरंभ आहे. उरलेली सारी कथा पेटल्यानंतरच्या काही मिनिटांची आहे, आणि घरातील आगीत जीव जातो वा वाचतो तो त्याच मिनिटांत.

माशा बाकाखाली का लपली? टॉलस्टॉय कारण सांगत नाहीत. धुराचे भय असेल. पण ज्या हातांनी निखारे नेले ते हात आपले आहेत हे तीन वर्षांच्या मुलीलाही कळते. मार बसेल या धास्तीने पलंगाखाली, कपाटात, धान्याच्या कणगीमागे दडणारे मूल आपल्याला अपरिचित नाही. फुटलेल्या बरणीनंतरही ते तसेच दडते. दोष आणि दडणे यांची ही गाठ मनाईच्या कथा अधिक घट्ट करतात. पाउलिनची गोष्ट ऐकून वाढलेल्या मुलाच्या हातून पडदा पेटला, तर आईला हाक मारण्याआधी त्याला आठवेल ती राखेची ढेरी, किंवा आईचा हात. टॉलस्टॉय यांनी ही गाठ शेवटच्या हालचालीत सोडवली आहे. जिच्यामुळे आग लागली त्याच माशाला बाहेरून ओढण्याचे काम मिळते. तिला क्षमा केली असे लेखक म्हणत नाही, तिला काम देतो.

तथापि टॉलस्टॉय यांनाही एका मुद्द्यावर सूट देता येत नाही. पाउलिन, मॅटिल्डा, लेना, माशा या साऱ्या मुली आहेत. वाचवणारे वान्या, कुझ्मा आणि बॉब. चार वेगवेगळ्या दशकांतील तीन भाषांमध्ये हा योगायोग खचितच नव्हे. चूल बाईची, म्हणून चुलीची चूक मुलीची, अशी ही सरळ वाटणी आहे. मराठी वाचकाला तर आणखी एक आठवण टोचते. १९८०च्या दशकात वृत्तपत्रांतून नित्य येणारे ‘स्टोव्हचा भडका उडून’ हे शब्द सर्वच वेळी अपघाताचे नव्हते, हे समाजाला कळायला फार वेळ लागला. घरातील आगीची कथा मुलीच्या अवज्ञेभोवती रचताना या आठवणीचा विसर पडू नये.

बीळ, भुयार आणि खेळण्यातील गाड्या

महाभारताच्या आदिपर्वात खांडववन जळते त्या प्रसंगी जरितेचे उपाख्यान आहे. मन्दपाल ऋषीने सोडून दिलेली ही शार्ङ्गका पक्षीण आणि तिची उडता न येणारी चार पिले. ज्वाळा जवळ येतात. जरिता पिलांना म्हणते, या उंदराच्या बिळात शिरा, मी वरून माती लोटते, आग ओसरली की माती दूर करते. पिले नकार देतात. बिळात उंदीर आहे, तो खाईल. खाल्ले जाण्यापेक्षा जळून मरण बरे. आई सांगते, त्या उंदराला ससाण्याने नेले, मी पाहिले. पिले म्हणतात, दुसरा असेल. शेवटी तीच आईला समजावतात की तू जा, तुला पुन्हा पिले होतील. पुढे अग्नीची स्तुती करून ती वाचतात, हा भाग धार्मिक परंपरेला महत्त्वाचा. येथे महत्त्वाचा आहे तो वाद. डॉ. वि. स. सुकथनकर यांनी संपादिलेली आदिपर्वाची चिकित्सक आवृत्ती पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९३३ साली पूर्ण केली, तेव्हापासून हे उपाख्यान मराठी अभ्यासकाच्या हाताशी आहे. पण मूल सुटकेची वाट का नाकारते याचा इतका जुना आणि अचूक नमुना म्हणून ते क्वचितच वाचले जाते. पिलांना आग कधी भेटलेली नाही. उंदराचे भय मात्र ओळखीचे आहे. ओळखीचे भय अनोळखी संकटापेक्षा मोठे ठरते. आजच्या घरात हा उंदीर म्हणजे काळोखा जिना असेल, शेजारचे खेकसणारे आजोबा असतील, किंवा साक्षात अग्निशामकच. शिरस्त्राण, तोंडावर मुखवटा, त्यातून येणारा श्वासाचा घरघराट अशा रूपात धुरातून येणाऱ्या माणसाकडे तीन वर्षांचे मूल धाव घेईल अशी अपेक्षा करणे भाबडेपणाचे आहे. ते आणखी आत सरकेल. म्हणूनच मुलांना तो मुखवटा आधी, उजेडात, हातात घेऊन दाखवण्याची पद्धत अनेक देशांच्या अग्निशिक्षणात रुळली आहे. जरितेजवळ तेवढा वेळ नव्हता.

लाक्षागृहाची कथा सर्वांना ठाऊक आहे. तीत युधिष्ठिराला घरात शिरताच तूप आणि लाख यांचा वास येतो आणि घर कशाचे बनले आहे ते तो ओळखतो. मग विदुराने धाडलेला खनक भुयार खणतो. वासावरून धोका ओळखणे आणि दुसरी वाट आधीच तयार ठेवणे, या दोन गोष्टी स्वयंपाकाच्या गॅसच्या काळातही तितक्याच लागू आहेत. या गॅसला मुळात वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात उग्र वासाचे द्रव्य मुद्दाम मिसळतात. पण त्याच आख्यानात एक निषाद स्त्री आणि तिचे पाच पुत्र झोपेत जळून मरतात. भुयाराची वाट त्यांना कोणी सांगितली नव्हती. मुलांसाठीच्या संक्षिप्त आवृत्त्यांतून हे सहा जण बहुधा गळतात. महाश्वेता देवींनी त्यांच्यासाठी कुंतीला एका कथेत जाब विचारायला लावला, ते प्रौढांच्या साहित्यात. घरातील आगीविषयी बोलताना घरकामाची बाई, तिचे सोबत आलेले मूल, पाहुणे, वरच्या खोलीतील भाडेकरू यांना वाट ठाऊक आहे का, हा प्रश्न या गाळलेल्या सहा जणांपासून सुरू करता येईल.

तिसरे आख्यान सद्धर्मपुंडरीक सूत्रातील जळत्या घराचे. घराला दार एकच. मुले आत खेळण्यात दंग. बाप बाहेरून ओरडतो की घर पेटले आहे. मुले त्याच्याकडे नुसती पाहतात आणि पुन्हा खेळू लागतात, कारण आग म्हणजे काय, जळणे म्हणजे काय, हेच त्यांना माहीत नाही. तेव्हा बाप सांगतो की दाराबाहेर बैलाच्या, बोकडाच्या, हरणाच्या गाड्या ठेवल्या आहेत. मुले एकमेकांना ढकलत बाहेर पडतात. बापाने खोटे सांगितले काय, हा प्रश्न सूत्रात पुढे उपस्थित होतो आणि त्याचे उत्तर नकारार्थी येते, कारण त्याने मुलांचे प्राण वाचवले; शिवाय बाहेर आल्यावर त्याने त्याहून मोठी गाडी प्रत्येकाला दिली. या दृष्टांताचा धर्मार्थ येथे बाजूला ठेवू. बालशिक्षणाच्या दृष्टीने त्यातील निरीक्षण असे की भयाच्या हाकेला मूल प्रतिसाद देत नाही, ओळखीच्या आमिषाला देते. अग्निशिक्षणातील घरगुती सराव हा तत्त्वतः याच जातीचा आहे : ‘शिट्टी वाजली की सर्वांनी अंगणातल्या कडुनिंबाखाली’ हा खेळ दहा वेळा खेळलेले मूल अकराव्या वेळी खेळ समजूनच बाहेर येते. त्याला आगीचे भान असण्याची गरजही उरत नाही.

भातुकलीची चूल

खेळाचा विषय निघाला की भातुकली टाळता येत नाही. सावंतवाडीच्या लाकडी खेळण्यांत, पितळेच्या बोळक्यांत, अगदी प्लॅस्टिकच्या नव्या संचांतही चूल वा शेगडी असतेच. मराठी मूल चुलीशी खेळते ते या विस्तव नसलेल्या चुलीवर. माशाने आणि पाउलिनने केली ती भातुकलीच होती, विस्तव मात्र खरा होता. असे असता आपल्या भातुकलीत सारे काही आहे, भात शिजतो, पोळ्या लाटल्या जातात, पाहुणे जेवून जातात, पण चूल कधी विझवली जात नाही. स्वयंपाक झाल्यावर शेगडीचा नॉब बंद करणारी, पदर खोचणारी, पातेल्याचा दांडा आत वळवणारी भातुकली कोणी शिकवलेली नाही. अनुकरण हेच जर मुलाच्या आगीचे कारण असेल, तर उपायही अनुकरणातच असला पाहिजे. हे काम एखादी साधी चित्रकथा पन्नास तक्त्यांहून अधिक करील.

तक्त्यांची अडचण एका उदाहरणाने स्पष्ट होईल. धूर वर चढतो, म्हणून धुरात खाली वाकून रांगत निघावे, असा एक नियम. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड, तो जमिनीलगत साठतो, असा दुसरा. दोन्ही बरोबर आहेत. एकाच तक्त्यावर एकाखाली एक लिहिले की सहा वर्षांच्या मुलाला ते परस्परविरोधी वाटतात, आणि वाटावेतच. गोष्टीत ही अडचण उद्भवत नाही, कारण गोष्टीत एका वेळी एकच घर जळते. शिवाय दोन्ही प्रसंगी मुलाने करायचे ते एकच : बटणाला हात न लावता बाहेर पडणे आणि पहिल्या भेटेल त्या मोठ्या माणसाला सांगणे. रेग्युलेटर बंद करणे, खिडक्या उघडणे, १०१ किंवा ११२ फिरवणे ही मोठ्यांची कामे आहेत. त्यांचे ओझे पाच वर्षांच्या मुलावर टाकणाऱ्या कथा वीरकथा म्हणून चांगल्या, एरवी धोक्याच्या.

मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत १४ एप्रिल १९४४ रोजी ‘फोर्ट स्टिकीन’ या जहाजावर झालेल्या स्फोटात प्राण गमावलेल्या अग्निशामकांच्या स्मरणार्थ दरवर्षी १४ एप्रिलपासून आठवडाभर अग्निशमन सेवा सप्ताह पाळला जातो. आपल्या शाळांच्या वेळापत्रकात हे दिवस परीक्षांच्या आसपास येतात, त्यामुळे बालवाडी आणि पहिली-दुसरीची मुले पुष्कळदा या कार्यक्रमापासून दूरच राहतात. मोठ्या मुलांना मैदानावर नळकांड्यातील फेस उडवून दाखवला जातो. गंमत येते, टाळ्याही पडतात. पण घरात नळकांडे नसते. देवघरात निरांजन, कॉटखाली डासांची उदबत्ती आणि उशीशी चार्जरला लावलेला मोबाइल असतो. ज्या अध्यापक विद्यालयांतून आणि महाविद्यालयांतून उद्याच्या शिक्षिका बाहेर पडतात, तेथे बालसाहित्याच्या तासाला एखादी आगीची कथा घेऊन तिचे असे वाचन करता येईल. त्यासाठी नवे अनुदान लागत नाही. प्रात्यक्षिक म्हणून कथा सांगून झाल्यावर मुलांना एकच प्रश्न विचारावा : ‘मग माशा कुठे होती?’ मुलांची उत्तरे काय येतात, कोण तिला बाकाखालीच ठेवते आणि कोण खिडकीबाहेर काढते, याची नोंद करणे हा एखाद्या लहानशा प्रकल्पाचाही विषय होऊ शकेल.

टॉलस्टॉय यांच्या कथेचे मराठीकरण कोणी करणार असेल तर त्याला काही गोष्टी बदलाव्या लागतील. पडवीतील पेंढ्यांच्या जागी कडबा येईल, आजीच्या डोक्यावरचा पंचा पदर होईल, सुगी ज्वारीची असेल. वान्याच्या जागी एखादी मोठी बहीण आणावी असे वाटणे स्वाभाविक आहे, आणि ते योग्यही ठरेल. मात्र अनुवादकाला सर्वांत मोठा मोह होईल तो शेवटाचा. आजी परत आल्यावर माशाला काय म्हणाली, हे लिहिण्याचा. मूळ कथेत ते नाही. मूळ कथा खिडकीपाशी, बाहेरच्या बाजूला संपते. धाकट्याचे डोके माशाच्या हातांत आहे आणि तो अजून रडतो आहे.